डाव्या खांद्याचं भोक

पंधरा दिवसांची रजा संपवून कामावर आले आणि पाहते तर पाणमांजराचे दोन्ही खांदे गायब. बाकी जनावर जागच्या जागी होतं. कवटी, कणा, बरगड्या, शेपटीचा शेवटचा वाटाण्याएवढा मणका, सगळं मोजून पाहिलं. फक्त खांदे नव्हते. माझ्या टेबलावरच्या जनावराला मला न विचारता हात लावील असा माणूस आमच्या संग्रहालयात एकच आहे, आणि दुर्दैवाने तोच आमचा प्रमुख आहे.

मी सांगाडे जोडते. मेलेलं जनावर माझ्याकडे येतं, मी त्याची हाडं स्वच्छ करते, वाळवते आणि तारेने बांधून त्याला पुन्हा उभं करते. सगळे मला हाडवाली म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि मला त्याचं काही वाटत नाही. माझ्याआधी चाळीस वर्षं हेच काम माझे बाबा करत. कामाच्या खोलीत त्यांच्या हातची पाटी अजून आहे: ‘हाडाला भोक पाडायचं नाही.’ बाकी जगात लोक हाडाला बारीक भोक पाडतात आणि तार ओवतात. सोपं असतं ते. आमच्याकडे मात्र प्रत्येक हाड बाहेरून बांधायचं, पितळी पट्टीचा चिमटा करून धरायचं, मग त्याला तीन दिवस लागोत नाहीतर तीन आठवडे. असं का, म्हणून विचारलं तर प्रत्येक जण वेगळं कारण देतो. प्रमुख म्हणतात, नमुना अभंग राहावा म्हणून. दारवानमामा म्हणतात, मेलेल्याचा मान राखावा म्हणून. मी नव्या माणसांना सांगते की भोकापासून हाडाला चीर जाते. तिन्ही कारणं चांगली आहेत.

आमच्या प्रमुखांना मी सर म्हणते. पाठीमागे सगळेच त्यांना ‘कशासाठी सर’ म्हणतात. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच काही बोलणार आहे. सहा वर्षांपूर्वी आले तेव्हापासून त्यांचा एकच ध्यास: सजीवाच्या अंगावर उगीच असं काही नसतं, प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी घडत आलेली असते. नवं दालन त्यांनी याच विषयावर उभारलं होतं आणि त्याचं नावही ‘कशासाठी?’ असंच ठेवलं होतं. उद्घाटन आठ दिवसांवर होतं. प्रत्येक नमुन्याखाली एक कार्ड, कार्डावर तोच प्रश्न आणि खाली उत्तर. अशी दोनशे बारा कार्डं, आणि ‘माहीत नाही’ हे उत्तर एकावरही नाही.

खांदे सरांच्या खोलीत होते. काचेच्या पेटीत, लाल मखमलीवर, एखाद्या नवरीचे दागिने ठेवावेत तसे.

“या बाई, या!” सर खुर्चीतून अर्धे उठलेच. “तुम्ही रजेवर गेलात आणि इकडे आम्ही शोध लावला.”

आमचं पाणमांजर साधंसुधं नव्हे. पूर्वी इथल्या तळ्यात त्याची एक वेगळी जात असायची, ती आता कुठेच नाही, आणि तिचा पूर्ण सांगाडा हा एवढा एकच. बाबांनी तो जोडला त्याला अठ्ठावन्न वर्षं झाली. नव्या दालनात हलवण्याआधी साफसफाईसाठी तो माझ्या टेबलावर आला होता. त्याच्या खांद्याच्या दोन्ही चपट्या हाडांवर, आम्ही त्यांना पाती म्हणतो, बाबांनी एकेक पितळी पान बसवलं होतं, नखाएवढं, नाजूक. मला ते नेहमी शोभेचं वाटत आलं. सरांना काही शोभेचं वाटत नाही. ती पानं कशासाठी, असं त्यांनी माझ्या रजेत सगळ्यांना विचारलं. कोणालाच सांगता येईना, तेव्हा सुताराला बोलावून खांद्यांचे जुने चिमटे तोडले आणि पानं काढली. उजव्या पानाखाली काही नव्हतं. डाव्या पानाखाली भोक होतं.

सरांनी कार्ड माझ्या हातात दिलं. मी वाचलं: ‘डाव्या खांद्यावरील छिद्र. कशासाठी? या छिद्रातून एक विशेष स्नायुबंध जात असे. त्यामुळे डाव्या पायाचा फटकारा जोरदार होऊन प्राणी सतत उजवीकडे वळे व शिकारीभोवती वर्तुळात पोहू शके.’

“वर्तुळात?” मी म्हटलं. “घाण्याच्या बैलासारखं?”

“हसा. लेख छापायला गेलाय.”

“सर, ते नुसतंच भोक असू शकतं ना? कशासाठी म्हणून नसेलही.”

“नुसतंच काही नसतं, बाई.”

आता इथे माझं डोकं फिरतं. पाणमांजराच्या बोटांमधला पडदा पोहण्यासाठी घडला, यावर माझं काही भांडण नाही. पण माझ्या हाताखालून इतकी हाडं गेली आहेत की प्रत्येक खळगा हेतूने कोरलेला असतो यावर माझा विश्वास बसत नाही. आमच्याकडच्या माणसाच्या सांगाड्याच्या छातीच्या हाडात मधोमध भोक आहे. शंभरात चार-पाच जणांना असतं. ते हाड लहानपणी वेगवेगळ्या तुकड्यांचं असतं, पुढे ते जुळतात, आणि कधी कधी मध्ये जरासं जुळायचं राहून जातं. झालं. त्यामुळे त्या माणसाचं काही अडलं नाही आणि काही साधलंही नाही. हे मी सरांना आधीही ऐकवलं होतं.

“हाडं पांढरी कशासाठी, सांगा,” मी म्हटलं. “अंगाच्या आत कोण बघायला येतंय? चुना पांढरा, म्हणून हाड पांढरं. माझ्या खणात गोल डबे आहेत. चौकोनी खणात गोल डबे ठेवले की मध्ये फटी राहतात. त्या फटींत मी सुया ठेवते. म्हणून काय खण करणाऱ्याने फटी सुयांसाठी केल्या?”

“डबे म्हणजे सजीव नव्हेत,” सर शांतपणे म्हणाले. ते शांत झाले की मला जास्त राग येतो.

मी खिशातून भिंग काढलं, पेटी उघडली आणि सर नको नको म्हणत असतानाच डावं पातं उजेडात धरलं. हाडातून नस किंवा रक्तवाहिनी जाते तेव्हा त्या भोकाची कड गुळगुळीत असते, आत वळलेली असते. झिजून पडलेलं भोक वेडंवाकडं असतं. याची कड सरळ होती, एकसारखी, आणि आत भिंतीवर बारीक गोल गोल रेघा. या रेघा मी ओळखते. लाकडात त्या रोज पाहते.

“सर, हे गिरमिटाने पाडलंय.”

सर हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मी गंभीर आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी एकेक मुद्दा निकालात काढला. रेघा? पान बसवताना खरडल्या असतील. आतला हिरवट डाग? पितळेचाच, पान अठ्ठावन्न वर्षं तिथेच होतं ना. आणि मग त्यांनी हुकमाचा पत्ता टाकला.

“बाई, या संग्रहालयात हाडाला कोणी भोक पाडत नाही. पाटी तुमच्याच खोलीत आहे. हा सांगाडा तुमच्या वडिलांशिवाय कोणी जोडलेला नाही. तुमचे वडील ती पाटी लिहितात आणि स्वतः भोक पाडतात, असं म्हणायचंय तुम्हाला?”

मी उजवं पातं उचललं, उगीच, काहीतरी करायचं म्हणून. भिंगाखाली ते तिरकं धरलं तर बरोबर त्याच जागी एक खळी दिसली, मोहरीएवढी. सरांनाही ती माहीत होती. ते म्हणाले, तिथेही छिद्र घडू लागलं होतं, तेवढ्यात जातच संपली.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. उद्घाटनाच्या दिवशी बाबांचा सत्कार व्हायचा होता. सरांचीच कल्पना, म्हणून म्हटलं ना, माणूस वाईट नाही. कामाच्या खोलीच्या दारावर बाबांच्या नावाचा फलक लागणार होता, खाली ओळ: ‘चाळीस वर्षांत एकाही हाडाला भोक नाही.’ बाबा ब्याऐंशी वर्षांचे. आई गेल्यापासून त्यांनी कशाची हौस अशी केली नव्हती. पण या सत्कारासाठी त्यांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, तो फलक स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावा म्हणून. माझी रजा त्यासाठीच होती. जुना कोट कपाटातून काढून ते रोज झटकत. खुर्चीतून हात न टेकता उठायचा सराव करत, सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा.

त्या संध्याकाळी घरी पोचले तेव्हा त्यांचा सराव चालला होता.

“सात,” ते म्हणाले आणि उठले. “काय गं, तोंड का पाडलंस?”

विचारू नये असं वाटत होतं. पण पोटात ठेवणं मला जमत नाही, लहानपणापासून नाही. “बाबा, पाणमांजराची पानं काढली सरांनी.”

ते खाली बसले. आठवी उठाबस झालीच नाही.

मी सगळं सांगितलं: कार्ड, लेख, वर्तुळात पोहणं. वर्तुळाचं ऐकून ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. नव्या डोळ्याने खिडकीकडे बघत म्हणाले, “उजवं पाहिलंस का नीट?”

“खळी आहे.”

“अर्धा फेरा,” बाबा म्हणाले. “अर्धा फेरा फिरवला आणि हात थांबला.”

मला रडू आलं नाही, राग आला. “तुम्ही? हाडाला भोक पाडू नका म्हणून मला दोन वर्षं झाडलंत ते तुम्ही?”

“नोकरीला दुसरं वर्ष होतं. चोवीस वर्षांचा होतो.” ते हळूहळू सांगू लागले. “तेव्हाच्या साहेबांना दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना सांगाडा दाखवायचा होता. सगळं जोडून झालं, खांदे राहिले. पाणमांजराचा खांदा तुला माहीत आहे. आपल्याला गळ्याखाली हाड असतं, खांदा त्याला टेकतो. याला ते जवळजवळ नसतंच. खांदा कुठल्याच हाडाला धरून नसतो, नुसता मांसात तरंगतो. मांस गेलं की तो बांधायचा कशाला? चिमटा करायला तीन दिवस. माझ्याकडे एक दुपार. मग घेतलं गिरमिट.”

“आणि?”

“आणि काय? डाव्याला पाडलं. टेबलावर भुगा पडला, पिठीसारखा. तो भुगा बघितला आणि कसंसंच झालं. असं जनावर पुन्हा मिळायचं नाही, हे तेव्हाही माहीत होतं. उजव्याला गिरमिट लावलं, पण हात पुढे जाईना. कोणी बघत नव्हतं. तरी जाईना. साहेबांना जाऊन सांगितलं, तीन दिवस द्या. त्यांनी नको नको ते सुनावलं. पाहुण्यांनी बिनखांद्याचं जनावर बघितलं आणि त्यांना काही कळलंसुद्धा नाही.”

“मग पानं?”

“झाकली मूठ सव्वा लाखाची. एकाच खांद्यावर पान असतं तर कोणीही विचारलं असतं, म्हणून दोन्हीकडे. आणि दुसऱ्या दिवशी ती पाटी लिहिली.”

मी भिंतीला टेकून उभी राहिले. नमुना अभंग राहावा, मेलेल्याचा मान राखावा, हाडाला चीर जाते. अठ्ठावन्न वर्षं आम्ही त्या पाटीला एकाहून एक चांगली कारणं चिकटवत होतो, आणि ती आली होती एका माणसाच्या लाजेतून.

“मी सरांना सांगते,” मी म्हटलं. “उद्याच.”

“नको.”

“बाबा, ते कार्ड लागलं तर शाळेची पोरं येऊन वहीत उतरवून घेतील. पाणमांजर गोल गोल पोहायचं म्हणून.”

“पोहू दे गोल.” त्यांचा आवाज चढला आणि लगेच बसला. “मला तो सत्कार हवाय गं. तुझ्यापासून काय लपवायचं? चाळीस वर्षं त्या खोलीत काढली, कोणी कौतुकाचा एक शब्द बोललं नाही. मी मेल्यावर सांग. फार दिवस थांबावं लागणार नाही.”

इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. बाबांनी माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. मागितलं ते हे. आणि तरी ते कार्ड मी लागू देणार नव्हते. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि स्वतःचीच भीती वाटली.

“तुमचं नाव माझ्या तोंडून जाणार नाही,” मी म्हटलं. “पण त्या कार्डाखाली मी तो सांगाडा उभा करणार नाही.”

“सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही,” बाबा म्हणाले. ते माझ्याबद्दल म्हणाले की स्वतःबद्दल, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना जाऊन सांगितलं. कार्ड बदला, नाहीतर खांदे जोडणार नाही.

“कारण द्या.”

“कारण काल दिलं. गिरमिट.”

“कोणी पाडलं?”

“ते मी सांगणार नाही.”

“म्हणजे तुम्हाला माहीत आहे?”

झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सर चष्मा काढून काच पुसू लागले. मग म्हणाले, उद्घाटनाला सात दिवस आहेत, तुम्ही नाही जोडलंत तर मी बाहेरून माणूस आणीन. मी म्हटलं, आणा. त्या तरंगत्या खांद्याला धरणारा चिमटा करायला त्या माणसाला आधी बाबांकडे शिकायला यावं लागेल.

तो दिवस आणि पुढचा दिवस मी हाताची घडी घालून बसले. टेबलावर बिनखांद्याचं पाणमांजर, समोर मी. पुढचे दोन पाय बाजूला तागाच्या कापडावर निजवलेले. दारवानमामा दर तासाने डोकावून जात. सरांनी बाहेरच्या दोन माणसांना फोन केले. पहिला म्हणाला, पंधरा दिवस लागतील. दुसरा म्हणाला, भोक आहेच, त्यातूनच तार ओवून देतो. सर त्याच्यावर असे ओरडले की ते जिन्यापर्यंत ऐकू आलं. त्या क्षणी मला सरांबद्दल फार माया वाटली.

घरी बाबा बोलत नव्हते. सराव बंद होता. कोट खुंटीवर लटकत होता, झटकलेला नव्हता. दुसऱ्या संध्याकाळी जेवताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, “खांदे लागले?”

“नाही.”

“का?”

“तुमचं नाव न घेता मला एवढंच करता येतं, म्हणून.”

ते ताटावरून उठले. हात न टेकता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघायला लागले तर बाबा दाराशी, अंगात कोट, हातात जुन्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. काय आहे ते विचारावं लागलं नाही. लाकडी मुठीचं टोक बाहेर डोकावत होतं.

“चल,” म्हणाले.

“बाबा, मी तुम्हाला यायला सांगितलेलं नाही.”

“मी विचारलं का तुला? हळू चाल. डोळा नवा आहे, गुडघे जुनेच आहेत.”

संग्रहालयाच्या पायऱ्या त्यांनी मोजून चढल्या, एकोणीस. दारवानमामा उठून उभे राहिले. सर खोलीत होते. बाबांना पाहून लगबगीने पुढे आले, खुर्ची ओढली. त्यांना वाटलं असणार, म्हातारा सत्काराचं काहीतरी विचारायला आलाय. बाबा खुर्चीवर बसले नाहीत. फडकं सोडून गिरमिट काढलं, मला म्हणाले, “डावं पातं धर.”

मी दोन्ही हातांनी पातं धरलं. त्यांनी गिरमिटाचं टोक भोकात घातलं आणि ते असं बसलं जणू डब्याचं झाकण. इकडे ढिलं नाही, तिकडे घट्ट नाही. मग उजवं पातं. मोहरीएवढ्या खळीत त्याच टोकाने बरोबर तळ गाठला.

सर वाकून दोन्ही पाती पुन्हा पुन्हा बघत राहिले. शेवटी म्हणाले, “पण ती पाटी...”

“पाटी भोकानंतरची आहे,” बाबा म्हणाले.

सरांनी टेबलावरचं कार्ड उचललं, वाचलं, परत ठेवलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी तीन दिवस या घटकेची वाट पाहत होते आणि आता मला जिंकल्यासारखं काही वाटेना.

“माझा लेख छापायला गेलाय,” ते म्हणाले.

“परत मागवा,” बाबा म्हणाले. “तुमचं पंधरा दिवसांचं ओझं आहे. माझं अठ्ठावन्न वर्षांचं. लवकर उतरवलेलं बरं, माझ्याकडे बघा.” मग म्हणाले, “सत्काराचं काय ते तुम्ही ठरवा. मी मागणार नाही.”

“कशासाठी पाडलंत?” सरांनी विचारलं. सवयच ती. पण या वेळी उत्तर त्यांच्याकडे तयार नव्हतं. ते खरोखर विचारत होते.

“खांदा टांगायला,” बाबा म्हणाले. “दुसरं काय? तुमच्या कार्डांवरच्या सगळ्या ‘कशासाठी’त खरं उत्तर असलेलं हे एक.”

सर हसले. नको असताना हसू यावं तसे हसले, आणि मग खुर्चीत बसले. मलाही हसू फुटलं.

“ज्याला हेतू नाही म्हणता त्या छातीच्या हाडातल्या भोकाचं काय?” ते मला म्हणाले. अजून सोडायला तयार नव्हते.

“ते कशासाठी नाही सर, कशामुळे आहे. जुळायचं राहिलं, यामुळे. जिथे कशासाठी सापडेल तिथे लिहा, मी स्वतः अक्षर काढून देईन. नाही सापडलं तर कशामुळे लिहा. तेही नाही सापडलं तर माहीत नाही लिहा. आभाळ कोसळणार नाही.”

“बघू,” सर म्हणाले. पण दुपारी छातीच्या हाडाचं कार्ड माझ्या टेबलावर आलं, जुनं उत्तर खोडलेलं, आणि सोबत चिठ्ठी: ‘तुमच्या शब्दांत लिहा.’ पुढच्या चार दिवसांत अशी एकतीस कार्डं आली. माणसाच्या हनुवटीचं काही आलं नाही. हनुवटी कशासाठी, यावरून आमचं अजून भांडण चालू आहे.

खांदे मी तीन दिवसांत जोडले. चिमटा बाबांनी शेजारी बसून करून घेतला, दर दोन मिनिटांनी ‘असं नाही, असं’ करत. पितळी पानं परत लावायची का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “कशासाठी?”

सत्कार झाला. सरांनीच आग्रह धरला. बाबा हात न टेकता उठले, माझ्या डोळ्यांसमोर. फलकावरची ओळ रंगाऱ्याने आधीच रंगवून ठेवली होती, ‘चाळीस वर्षांत एकाही हाडाला भोक नाही’. बाबांनी तिच्याखाली लहान अक्षरांत ‘एक सोडून’ एवढं वाढवून घेतलं आणि मगच पडदा ओढायला हात लावला. लोक हसले, टाळ्या वाजल्या. बाबांनी नव्या डोळ्याने फलक दोनदा वाचला.

पाणमांजराची कार्डं आता दोन आहेत. डाव्या खांद्याचं सरांनी लिहिलं: ‘गिरमिटाने पाडलेलं भोक. कशासाठी? खांदा टांगण्यासाठी.’ उजव्या खांद्याचं कार्ड त्यांनी कोरं ठेवलं होतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ते घेऊन ते स्वतः बाबांकडे आले. “इथे भोक का नाही, ते मला लिहिता येणार नाही,” म्हणाले आणि पेन पुढे केलं.

बाबांनी पाटीवरच्या त्याच सरळ, जाड अक्षरांत लिहिलं. ते कार्ड अजून आहे आणि शाळेची पोरं ते वहीत उतरवून घेतात:

‘उजवा खांदा. भोक नाही. कशामुळे? डाव्याला पाडलं तेव्हा वाईट वाटलं, त्यामुळे.’